विजेच्या गाडीची रेंज जाते कुठे?

पेट्रोलची मोटार शहरात कमी आणि हायवेवर जास्त अ‍ॅव्हरेज देते. विजेच्या मोटारीचे नेमके उलटे असते. नागपुरात सीताबर्डी, धरमपेठ, सदर अशा सिग्नलच्या रस्त्यांवर दिवसभर फिरूनही बॅटरीचे टक्के बऱ्यापैकी टिकतात. सावनेर ओलांडून मोकळा रस्ता लागला आणि गाडीने शंभरी गाठली, की तेच टक्के भराभर उतरू लागतात. गाडी नवी, बॅटरी तीच, चालवणाराही तोच. कंपनीने सांगितलेली रेंज मग जाते कुठे?

हे समजून घ्यायला नागपूर ते जामसांवली हा रस्ता सोयीचा आहे. मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या सौंसर तालुक्यात जामसांवली हे गाव आहे. तिथल्या निजलेल्या हनुमानाच्या दर्शनाला महाराष्ट्रातून, विशेषतः नागपूरकडून, मंगळवारी-शनिवारी मोटारींची रीघ लागते. नागपूरहून कोराडी, सावनेर, केळवद, सातनूर या वाटेने हे अंतर साधारण ७० किलोमीटर पडते, म्हणजे जाऊन-येऊन १४०. सौंसरच्या पुढे रामाकोना सोडले की सिल्लेवानीचा घाट लागतो आणि रस्ता सातपुड्याच्या पठारावर छिंदवाड्याला पोचतो. सपाट हायवे, गावागावांतले गतिरोधक, विदर्भातले ऊन आणि शेवटी घाट, असे रेंजवर परिणाम करणारे जवळपास सगळे या एका रस्त्यावर भेटते.

साडेतीन लिटर पेट्रोलएवढी वीज

बॅटरीत किती वीज मावते हे किलोवॉट-तासांत मोजतात. घरच्या विजेच्या बिलावर ज्याला ‘युनिट’ म्हणतात, तेच हे. एक किलोवॉटचा गीझर तासभर चालला की एक युनिट जळते. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या टाटा नेक्सॉन ईव्हीत ३०.२ युनिटांची बॅटरी होती. आज याहून मोठ्या बॅटरीच्या गाड्या मिळतात, पण ३० हा हिशोबाला सोपा आकडा आहे, म्हणून पुढे तोच धरला आहे.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ३० युनिटांची ही भलीमोठी, गाडीच्या तळाशी पसरलेली बॅटरी साडेतीन लिटर पेट्रोलपेक्षाही कमी ऊर्जा बाळगते. तेवढ्यावर पाच माणसांची मोटार दोनशे किलोमीटर जाते, याचे आश्चर्य खरे तर जास्त वाटायला हवे.

हे शक्य होते ते मोटरच्या काटकसरीमुळे. पेट्रोल इंजिन आपल्या इंधनातली निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा उष्णता म्हणून रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर टाकते. सिग्नलला उभे असताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना ते सर्वांत उधळ्या अवस्थेत असते. हायवेवर एकसारखा भार मिळाला की जरा शिस्तीत येते. म्हणून त्याचे अ‍ॅव्हरेज हायवेवर वाढते. विजेची मोटर मात्र बॅटरीतल्या शंभरपैकी ८५ ते ९० हिस्से चाकापर्यंत पोचवते, गाडी हळू असो की वेगात. सिग्नलला थांबली तर मोटर काहीच खात नाही. उधळपट्टी मुळातच नसल्यामुळे हायवेवर वाचवण्यासारखे काही उरत नाही, आणि वाऱ्याचा खर्च उघडा पडतो. पेट्रोलच्या गाडीलाही वारा तेवढाच अडवतो. तिथे तो इंजिनाच्या उधळपट्टीत दडून जातो, एवढेच.

कागदावरचे ३१२ किलोमीटर

त्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती. बहुतेक मालकांना हायवेवर दोनशेच्या आसपास मिळत असे. यात कोणी खोटे बोलत नव्हते. भारतात अशी चाचणी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थांत होते. गाडीची चाके रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग कमी-जास्त करत ती ‘चालवतात’. या वेळापत्रकाला ‘ड्रायव्हिंग सायकल’ म्हणतात. भारतीय सायकल १,१८० सेकंदांची आहे. तिचा बराच भाग शहरी असून त्यात वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर जात नाही. हायवेच्या भागात गाडी ९० पर्यंत पोचते, पण काही क्षणांपुरतीच. साऱ्या सायकलचा सरासरी वेग ताशी ३३ किलोमीटरसुद्धा भरत नाही. एसी बंद असतो. हवा मे महिन्यातल्या सावनेरची नसून खोलीतली, सौम्य असते.

३०.२ युनिटांत ३१२ किलोमीटर म्हणजे दर १०० किलोमीटरला ९.७ युनिट. एसी बंद ठेवून, ३३ च्या सरासरीने जामसांवलीला गेले तर हा आकडा आजही मिळू शकेल. तसे कोणी जात नाही. प्रमाणित रेंज दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला उपयोगी पडते. प्रवास आखायला तिचा उपयोग करू नये.

वेग हाच मोठा खर्च

सपाट रस्त्यावर एका वेगाने चाललेली गाडी दोन गोष्टींशी झगडते. एक, टायर. रस्त्यावर टेकलेला टायरचा भाग दबतो, फिरून वर आला की पुन्हा फुगतो, आणि या मळण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. हा खर्च दर किलोमीटरला जवळपास ठरलेला असतो. गाडी ४० ने गेली काय आणि १०० ने गेली काय, फारसा फरक नाही. दुसरी गोष्ट हवा. गाडीला समोरची हवा बाजूला सारत जावे लागते, आणि इथे वेगाचा वर्ग लागू होतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो.

चार माणसांसह सुमारे १,७०० किलो वजनाची, मध्यम आकाराची एसयूव्ही घेतली, तर टायरचा खर्च दर १०० किलोमीटरला साडेचार ते पाच युनिट येतो. हवेचा खर्च ६० च्या वेगाला सुमारे ३ युनिट असतो. ८० ला तो साडेपाचच्या पुढे जातो, १०० ला जवळपास ९ होतो आणि १२० ला साडेबारा ओलांडतो. म्हणजे ६० ला टायर जास्त खातो, ८० ला हवा पुढे निघते, आणि १२० ला गाडी मुख्यतः हवा ढकलण्यासाठीच चाललेली असते.

चौकट : वेग आणि रेंज
(वर धरलेली गाडी, ३० युनिट बॅटरी, चार माणसे, सपाट रस्ता, वारा पडलेला, एसी चालू, मोटरची गळती धरून. आकडे हिशोबाने काढलेले आणि ढोबळ आहेत.)
ताशी २० किमी : १०० किमीला १३ युनिट, रेंज सुमारे २३० किमी
ताशी ४० किमी : साडेदहा युनिट, सुमारे २८० किमी
ताशी ६० किमी : सव्वाअकरा युनिट, सुमारे २६५ किमी
ताशी ८० किमी : साडेतेरा युनिट, सुमारे २२० किमी
ताशी १०० किमी : पावणेसतरा युनिट, सुमारे १८० किमी
ताशी १२० किमी : २१ युनिट, सुमारे १४५ किमी

या आकड्यांवरून जामसांवलीच्या फेरीचा हिशोब करता येतो. १४० किलोमीटर ८० ने केले तर १९ युनिट लागतात, १०० ने केले तर साडेतेवीस. साडेचार युनिट जास्त जाऊन वाचतात किती, तर एका बाजूला दहा मिनिटे. तीही सावनेरच्या बाजारात आणि केळवद-सातनूरच्या गतिरोधकांवर निम्मी परत जातात. समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे, म्हणून सलग १२० ने निघालेल्या विजेच्या गाड्या चार्जिंगला लवकर का वळतात, तेही याच चौकटीत दिसते. रेंज वाढवण्याच्या नावाखाली लोक इको मोड, सीट कव्हरचे वजन, म्युझिक सिस्टीमचा आवाज अशा गोष्टींवर बराच विचार करतात. उजव्या पायाखालचे पॅडल थोडे सैल सोडले तर या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त मिळते. इको मोड स्वतः वीज तयार करत नाही. तो पॅडलचा प्रतिसाद मऊ करतो आणि एसीला थोडा आवर घालतो. इको मोडमध्ये ११० ने जाणारी गाडी स्पोर्ट मोडमध्ये ८० ने जाणाऱ्या गाडीहून जास्तच खाते.

समोरून वाहणारा वाराही वेगात धरावा लागतो. गाडी ८० ने चालली असून समोरून २० चा वारा असेल, तर हवेचा विरोध १०० च्या वेगाइतका होतो. जाताना रेंज भरपूर आणि येताना कमी, किंवा उलट, असे दिसले तर चढ-उताराला दोष देण्याआधी शेतातली झाडे कुठे झुकतात ते पाहावे. ट्रकच्या मागे चिकटून गेले की वारा कमी लागतो, हे खरे आहे. त्यासाठी ट्रकच्या इतके जवळ जावे लागते की ब्रेक मारायलाही जागा उरत नाही. हा उपाय विसरून जावा.

एसी तासाने खातो

चौकटीत एक विचित्र गोष्ट दिसते. ताशी २० ने चालणारी गाडी जवळपास ८० इतकीच वीज खाते. हवेचा विरोध २० ला नगण्य असतो, मग वीज जाते कुठे? एसीत. टायर आणि हवा किलोमीटरच्या हिशोबाने खातात, एसी तासाच्या हिशोबाने. उन्हाळ्यात गाडीची आतली हवा एकदा थंड झाल्यावर एसी आणि बाकीची उपकरणे मिळून दीड किलोवॉटच्या आसपास घेतात, असे धरू. ८० च्या वेगाने १०० किलोमीटर जायला सव्वा तास लागतो, म्हणजे दोन युनिटांहून कमी. तेच अंतर २० ने कापायला पाच तास लागतात आणि एसी साडेसात युनिट खाऊन बसतो. म्हणून हायवेवर एसी बंद करून घामाघूम होण्यात फार लाभ नाही. काचा उघड्या ठेवल्या तर वाढलेला हवेचा विरोध त्यातला काही भाग परत घेतो. चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या गर्दीत, मंदिराच्या वाटेवर तासभर रांगत असताना मात्र एसी बंद करून काचा उघडणे परवडते.

खरा भुर्दंड असतो तो सुरुवातीचा. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात दोन तास उभ्या राहिलेल्या मोटारीत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता साठते. स्टिअरिंगला हात लावता येत नाही. तेव्हा एसी नेहमीच्या दुपटीने वीज ओढतो. यावर उपाय साधे आहेत आणि फुकटचे आहेत. पार्किंगमध्ये झाडाखाली जागा मिळवण्यासाठी शंभर पावले जास्त चालावे. निघताना चारही दारे उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, पहिली दोन मिनिटे काचा खाली ठेवून चालवावे, मग एसी लावावा. बाहेरची हवा आत घेण्याऐवजी आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. घरून निघताना गाडी चार्जरला लावलेली असतानाच मोबाइलवरून एसी सुरू केला, तर तो थंडावा घरच्या विजेतून मिळतो. बॅटरीला हात लागत नाही. ही सोय असूनही फार थोडे लोक वापरतात.

उन्हाळ्याची एक बाजू गाडीच्या भल्याचीही आहे. तापलेली हवा विरळ असते. १० अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा अकरा-बारा टक्क्यांनी हलकी, तेवढाच तिचा विरोध कमी. उन्हाळा एका हाताने देतो आणि एसीच्या हाताने त्याहून जास्त काढून घेतो. डिसेंबर-जानेवारीत, छिंदवाड्याच्या पहाटेच्या थंडीत, हवा दाट होते आणि बॅटरीतली रासायनिक क्रियाही थोडी मंदावते. विजेच्या गाडीत इंजिनाची उष्णता आयती नसते, त्यामुळे हीटरलाही बॅटरीतूनच वीज द्यावी लागते. विदर्भात थंडीचा हा फटका थोडक्यात निभावतो.

ब्रेकमधून परत येणारी वीज

पॅडल सोडले की विजेच्या गाडीची मोटर जनित्र होते. चाके तिला फिरवतात, ती वीज बनवून बॅटरीत टाकते, आणि या उलट ओढीने गाडी मंदावते. याला ‘रिजनरेशन’ किंवा नुसते ‘रिजन’ म्हणतात. याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की रिजन जितके जास्त तितकी रेंज जास्त. परत मिळणारी वीज ही आधी आपणच खर्च केलेली असते, आणि ती पूर्ण परत येत नाही.

८० च्या वेगाला त्या १,७०० किलोच्या गाडीत ०.१२ युनिट गतिज ऊर्जा साठलेली असते. तेवढा वेग आणायला बॅटरीतून ०.१३ युनिट निघतात. पुढे गतिरोधक दिसताच पाय उचलला आणि गाडी रिजनवर मंदावू दिली, तर जाता-येताच्या गळतीनंतर साधारण निम्म्याहून थोडी जास्त वीज परत येते. गतिरोधक ऐन वेळी दिसला आणि करकचून ब्रेक मारला, तर ब्रेकचे पॅड तापतात आणि सारी ऊर्जा त्यांच्यात जाते. ८० च्या वेगावर असा एक ब्रेक म्हणजे जवळपास एका किलोमीटरची रेंज. सावनेर ते सौंसर या टप्प्यात असे दहा ब्रेक सहज होतात.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ब्रेकची आणि रिजनचीही गरज पडू न देणे. दूरवर नजर ठेवावी. पुढे फाटा, गाव, बैलबंडी किंवा संत्र्याने भरलेला ट्रॅक्टर दिसला की आधीच पाय हलका करावा आणि गाडीला तिच्या वेगात वाहू द्यावे. बऱ्याच गाड्यांत रिजनच्या पातळ्या बदलता येतात. मोकळ्या रस्त्यावर कमी पातळी ठेवली तर पॅडल सुटताच गाडी विनाकारण अडखळत नाही. गर्दीत आणि घाटाच्या उतारावर जास्त पातळी कामाची. दूरवर नजर ठेवून आधीच पाय हलका करणे, हेच एसटीचे जुने चालक डिझेल वाचवायला करत आले आहेत.

सिल्लेवानीचा घाट किती खातो

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, छिंदवाडा सुमारे ६७५ मीटरवर. मधल्या ३६५ मीटरचा बराचसा चढ सिल्लेवानीच्या घाटात एकवटलेला आहे. १,७०० किलोची गाडी एवढी वर न्यायला, मोटरची गळती धरून, सुमारे १.९ युनिट लागतात. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाने तेवढ्यात १४ किलोमीटर झाले असते. घाटात गाडीच्या पडद्यावर आकडे बघवत नाहीत. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल तिथे खर्च दर १०० किलोमीटरला ४० युनिटांच्या दराने चाललेला दिसतो, आणि ‘उरलेले किलोमीटर’ वळणागणिक कमी होतात. घाट काही किलोमीटरचाच असतो. घाबरून जाण्याचे कारण नाही.

उतरताना यातले बरेचसे परत येते, पण कसे, ते पाहण्यासारखे आहे. उतार हलका असेल, शंभर मीटरला एक-दीड मीटर, तर गुरुत्वाकर्षण टायर आणि हवेचा खर्च परस्पर भागवते. मोटर जवळजवळ बंद असते. बॅटरीत वीज जाताना दिसत नाही, पण बाहेरही पडत नाही, आणि ही बचत रिजनपेक्षा सरस, कारण तिच्यात गळतीच नाही. उतार त्याहून तीव्र झाला की गाडी वेग धरू लागते, तिथून पुढे रिजनचे काम. चढ-उतार दोन्ही धरले तर घाटाचा निव्वळ तोटा अर्ध्या युनिटाच्या आसपास राहतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची जुनी खोड मात्र इथे दुहेरी नुकसानीची आहे. रिजन बंद पडते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रिजनमधून आलेली वीज ठेवायला जागाच नसते. गाडी रिजन कमी करते किंवा बंद करते, आणि चालकाला ब्रेकवर भिस्त ठेवावी लागते. छिंदवाड्याला पूर्ण चार्ज करून लगेच घाट उतरणाऱ्याची अशी फजिती होते.

टायर, वजन आणि संत्र्याची कॅरेट

टायरमधली हवा ही सर्वांत दुर्लक्षित गोष्टींपैकी एक आहे. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त मळला जातो, जास्त तापतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचे लेबल असते, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचा दाब दिलेला असतो. गाडी रात्रभर उभी राहून टायर थंड असताना दाब मोजावा. पंपावरचा माणूस अंदाजाने भरतो, तो पुष्कळदा पेट्रोल गाडीच्या सवयीचा आकडा असतो. विजेच्या गाडीच्या मूळ टायरचे रबर आणि बांधणी कमी विरोधाची निवडलेली असते. ते झिजल्यावर रुंद, दिसायला दणकट टायर चढवले की रेंज कायमची घटते. ओल्या रस्त्यावरही टायरला पाणी बाजूला सारावे लागते, म्हणून पावसाळ्यात रेंज थोडी कमीच मिळते.

वजनाची चिंता मात्र लोक गरजेपेक्षा जास्त करतात. पांढुर्णा-सौंसर हा संत्र्याचा पट्टा. परतताना शंभर किलो संत्री डिकीत टाकली, तर सपाट रस्त्यावर दर १०० किलोमीटरला पाव-अर्धा युनिट जास्त जाईल, बस. तीच कॅरेट टपावरच्या कॅरिअरवर बांधली की हवेचा विरोध वाढतो आणि हायवेच्या वेगाला त्याची किंमत वजनाच्या कितीतरी पट मोजावी लागते. रिकामे कॅरिअरसुद्धा फुकट बसत नाही. वापर नसेल तेव्हा ते काढून ठेवावे.

पडद्यावरच्या किलोमीटरवर किती विसंबावे

‘उरलेली रेंज’ हा आकडा गाडी मोजत नाही. ती अंदाज बांधते. गेल्या काही किलोमीटरांत जसा खर्च झाला तसाच पुढे होईल, असे धरून उरलेल्या विजेला भागते. आठवडाभर शहरात फिरलेली गाडी सकाळी २८० दाखवते आणि कोराडी मागे पडताच आकडा कोसळू लागतो. गाडी बिघडलेली नसते. तिला पुढच्या रस्त्याची कल्पनाच नव्हती.

विश्वासाचे आकडे दोन. बॅटरीचे टक्के आणि दर १०० किलोमीटरला लागलेले युनिट. निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणावे, २०-२५ किलोमीटर गेल्यावर खर्चाचा दर बघावा आणि हिशोब स्वतः करावा. दर १४ असेल आणि बॅटरीत १५ युनिट उरले असतील, तर १०७ किलोमीटर. काही गाड्यांत हा दर वॉट-तास प्रति किलोमीटरमध्ये दिसतो. १४० वॉट-तास म्हणजे १०० किलोमीटरला १४ युनिट. यातून शेवटचे १५ टक्के हिशोबात धरू नयेत. वारा, वळसा, बंद पडलेला चार्जर यांच्यासाठी ते राखीव.

ऐंशी टक्क्यांवर का थांबावे

वेगवान चार्जरवर बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते आणि शेवटच्या २० टक्क्यांना रडवते. यात्रेच्या दिवशी रिकाम्या एसटीत पहिले तीस जण क्षणात बसतात, शेवटच्या चौघांना सामान, मुले आणि कोपर सांभाळत जागा शोधावी लागते. बॅटरीतले लिथियमचे कणही असेच आत जाऊन जागा धरतात. मोकळ्या जागा संपत आल्या की त्यांना घाईने ढकलणे बॅटरीला बाधते, म्हणून गाडीच चार्जिंगचा वेग कमी करते. वाटेवर १०० टक्क्यांचा हट्ट धरण्यापेक्षा ८० वर निघणे वेळेच्या दृष्टीने शहाणपणाचे. मागे गाड्यांची रांग असेल तर सौजन्याचेही. २६ मे २०१७ रोजी नागपुरात विजेच्या टॅक्सींचा मोठा प्रयोग सुरू झाला, तेव्हा लहान बॅटऱ्या आणि चार्जिंगच्या रांगा यांत चालकांचे कमाईचे तास जात होते. बॅटऱ्या आता मोठ्या झाल्या, रांगेचे गणित तेच आहे.

रोजच्या वापरात किती भरावे, हे बॅटरीच्या जातीवर अवलंबून असते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीच्या बॅटरीला अधूनमधून पूर्ण भरणे चालते. उलट टक्क्यांचा अंदाज अचूक राहण्यासाठी बऱ्याच कंपन्या तसे सुचवतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीला रोज ८० च्या आसपास ठेवणे मानवते. दोन्हींना न मानवणारी गोष्ट एकच : पूर्ण भरलेली गाडी दिवसेंदिवस कडक उन्हात उभी ठेवणे. त्याने आजची रेंज कमी होत नाही, पण चार-पाच वर्षांनंतरची होते. बहुतेक कंपन्या बॅटरीवर आठ वर्षांची हमी देतात. ती कोणत्या अटींवर, हे गाडी घेतानाच वाचलेले बरे.

जामसांवली आणि पुढे

३० युनिटांची गाडी नागपुरात रात्री घरी पूर्ण भरून घेतली आणि ८० च्या वेगाने चालवली, तर जामसांवलीला जाऊन परत येईपर्यंत १९ युनिट लागतात. घरी पोचताना तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बॅटरी शिल्लक असते. वाटेत चार्जर शोधावा लागत नाही. छिंदवाड्यापर्यंत जाऊन त्याच दिवशी परतायचे असेल तर हिशोब बदलतो. सुमारे १२५ किलोमीटर आणि घाट मिळून जाताना १९ युनिट, उतार धरून येताना १५ ते १६. एकूण ३५, म्हणजे बॅटरीहून जास्त. तेव्हा छिंदवाड्यात जेवणाच्या वेळेत अर्धा-पाऊण तास वेगवान चार्जिंग करावे आणि ८० टक्क्यांवर निघावे. राखीव वीजही राहते आणि सिल्लेवानीच्या उताराची वीज घ्यायला बॅटरीत जागाही असते.